खाऱ्या पाण्याची टाकी गोव्यातल्या घरात: गाळणी दांडगी, दिवा बेताचा

फोंड्याला आमच्या घरी मासे आणि प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी आली तेव्हा येणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारायचा, "मीठ विकत आणतोस? समुद्राला काय धाड भरलीय?"

प्रश्न रास्त आहे. मीही पहिल्यांदा दोनापावलाहून दोन कॅन भरून आणले होते. रात्रभर व्हरांड्यात ठेवले, तर सकाळी तळाशी लालसर साय बसलेली. तिथे बादलीत येतं ते जुवारी आणि मांडवीच्या मुखाचं पाणी. मार्च-एप्रिलमध्ये त्याची क्षारता खुल्या समुद्राच्या जवळपास, म्हणजे हजारी ३५ भाग असते. पावसाळ्यात नद्या गोडं पाणी आणि डोंगराची माती घेऊन उतरल्या की ती किती घसरेल याचा भरवसा नाही. वर बोटींचं तेल आणि सांडपाणी आहेच. वाळूचीही तीच गत. किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत लोहचुंबक फिरवून बघा, काळे कण मिशीसारखे चिकटतात. ती टाकीत नको, शिवाय किनाऱ्यावरची वाळू उपसणं किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेडच्या) नियमांत बसत नाही. तेव्हा मीठ डब्यातलं आणि वाळू दुकानातली, चुनखडीच्या जातीच्या अ‍ॅरागोनाइटची.

आधी कायदा, कारण दिवा त्यावर ठरतो

परदेशी व्हिडिओ बघून दिवा घ्यायला निघालात तर थांबा. त्यातली रंगीत, काटेरी, फांद्या फुटलेली प्रवाळं म्हणजे कठीण प्रवाळं, आणि ती सगळीच्या सगळी आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखेही तिथेच. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडीही. ग्रँड आयलंडला डायव्हिंगला गेलात आणि पांढरा मेलेला तुकडा सापडला तरी तो खिशात घालायचा नाही. दुकानात 'लाइव्ह रॉक' म्हणून जे विकतात तो बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्याऐवजी सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा घडवलेला सच्छिद्र खडक घ्या.

मग उरतं काय? मऊ प्रवाळं आणि त्यांचे भाऊबंद: झोअँथस, मशरूम, लेदर. पक्कं बिल मागून घ्या. दुकानदार बिलाला कां-कूं करू लागला तर तिथून निघा. नवख्या माणसासाठी हीच मंडळी बरी, कारण ती थोड्या चुका पोटात घालतात. त्यांना प्रकाशही बेताचा पुरतो. बेताचा प्रकाश म्हणजे कमी उष्णता, आणि गोव्यात उष्णतेचा हिशेब फार कडक आहे. म्हणून पैसे वाटायची वेळ येते तेव्हा माझा कौल असा: स्किमर, म्हणजे पाण्यातली मळी फेसातून काढणारं यंत्र, मोठा घ्या, दिवा लहान.

टाकी आणि तिचं बूड

३६ बाय १८ बाय १८ इंचांची टाकी घ्या. काठोकाठ भरली तर १९१ लिटर. याहून लहान टाकीत एका दुपारीत क्षारता बदलते, आणि नवखा माणूस दुपारी ऑफिसात असतो. पाणी, खडक, वाळू आणि काच मिळून अडीचशे किलोंच्या वर वजन होतं, तेव्हा फ्लॅटमध्ये असाल तर बीम असलेल्या भिंतीलगत ठेवा. बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, किंवा खिडकीपाशी नको, ऊन येतं. कपाट एमडीएफचं घेऊ नका, आपल्या हवेत ते दोन पावसाळ्यांत पावासारखं फुगतं. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडाही रंगवून घ्या. खारी वाफ आधी कडांतूनच शिरते.

संप: वीज गेल्यावर काय होईल ते आधी मोजा

इथे संप म्हणजे टाकीखालची टाकी. आपल्या अंगणातल्या पाण्याच्या संपाचाच धाकटा भाऊ. वरच्या टाकीतलं पाणी एका कोपऱ्यातल्या दातेरी कप्प्यातून पाइपने खाली उतरतं, संपात गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. सगळी यंत्रं खाली लपतात, पाण्याचा साठा वाढतो आणि वरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी हलत नाही.

दातेरी कप्प्याच्या तळाला दोन भोकं पाडून घ्या. एका पाइपला गेट व्हॉल्व्ह लावायचा आणि तो इतका आवळायचा की पाइप हवा न ओढता पूर्ण भरून वाहील. मग आवाज येत नाही. दुसरा पाइप थोडा उंच ठेवायचा आणि एरवी कोरडा. पहिल्यात गोगलगाय अडकली तर हा वाचवतो. गेट व्हॉल्व्ह प्लास्टिकचाच हवा. पितळी नळ, पितळी जोड यातलं काहीही पाण्याला लागता कामा नये, पितळेतलं तांबं बिनकण्याच्या जिवांना विष आहे.

आता हिशेब. पंप बंद पडला की वरच्या टाकीतलं पाणी परतीच्या पाइपातून उलटं खाली येऊ लागतं आणि त्या पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत येत राहतं. ३६ बाय १८ च्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साधारण साडेदहा लिटर. माझ्या पहिल्या टाकीत ते तोंड पाण्याखाली चार इंच होतं. म्हणजे बेचाळीस लिटर खाली येणार. संप २४ बाय १५ चा, त्यात इंचाला सहा लिटरही मावत नाहीत, आणि मी तो दहा इंच भरून ठेवलेला. वर मोकळी जागा पाच इंच, म्हणजे तीस लिटरांनाही कमी. जूनच्या पहिल्या वादळात रात्री वीज गेली आणि बारा लिटर खारं पाणी हॉलभर पसरलं. बारा लिटर ऐकायला फार वाटत नाही. पहाटे तीनला मेणबत्तीच्या उजेडात दोन पंचे पिळत बसलं की कळतं.

उपाय सोपा आहे. परतीच्या पाइपचं तोंड पाण्याखाली एकच इंच ठेवा. पृष्ठभागाच्या अगदी खाली पाइपला सहा मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की पाइप हवा ओढतो आणि उलटा प्रवाह तुटतो. पण या भोकात शेवाळ बसतं, म्हणून भिस्त भोकावर नको, तोंडाच्या उंचीवर ठेवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तसंच, वाळूचा एक कण त्याला उघडा ठेवतो. १५ इंच उंचीच्या संपात चालू असताना पाणी आठ इंचांवर ठेवलं तर सुमारे चाळीस लिटरांची जागा मोकळी राहते. पाइप चिकटवल्यावर एक दिवस सुकू द्या, साध्या नळाच्या पाण्याने सगळं भरा आणि पंपाचं बटण पाच वेळा बंद-चालू करा. संपाच्या काचेवर मार्करने दोन रेघा मारून ठेवा, एक 'चालू'ची, एक 'बंद'ची. मीठ त्यानंतर.

परतीचा पंप ताशी दोन हजार लिटरचा पुरतो. मीटरभर उंची चढताना त्यातला जवळजवळ निम्मा जोर जातो आणि खरा प्रवाह हजाराच्या आसपास राहतो. टाकीतली हालचाल पंपाच्या जिवावर नसते. त्यासाठी वर दोन लहान वेव्हमेकर, म्हणजे पाण्यातच झोत सोडणारे पंप, लावा, दोन्ही मिळून ताशी चारेक हजार लिटर, एकमेकांकडे तिरपे.

पाणी आणि मीठ

घरच्या आरओचं पाणी चालेल का? थेट नाही. घरगुती यंत्रात टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलची नळकांडी असते, ती चवीसाठी क्षार परत मिसळते. मेंब्रेनच्या लगेच पुढून टी-जोड काढा आणि त्या पाण्याला उरलेसुरले क्षार पकडणारं डीआय रेझिनचं नळकांडं लावा. शेवटी विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. शून्याचा आकडा एकवर गेला की रेझिन संपत आलं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की गाळाची पहिली कार्ट्रिज बघता बघता विटकरी होते, तेव्हा दोन जादा आणून ठेवा. आणि यंत्र जे पाणी बाहेर टाकतं ते माडाला घाला. तेवढ्यावरून आई माझ्या टाकीकडे थोडी प्रेमाने बघू लागली.

वरची टाकी आणि संप मिळून, खडकाची जागा वजा जाता, साधारण २०० लिटर पाणी होतं. लिटरला ३६ ग्रॅम धरले तर सव्वासात किलो मीठ. पहिल्या वेळी मीठ थेट टाकीत विरघळवलं तरी चालतं, जीव आत आल्यावर कधीच नाही. मग वेगळ्या पिंपात, पंप लावून, दिवसभर. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी नाही, नाहीतर कॅल्शियमचा पांढरा चुना तळाला बसतो आणि परत विरघळत नाही. आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट: पावसाळ्यात वीस किलोंची पिशवी फोडू नका. आठवड्यात तिचा धोंडा होतो. लहान डबे घ्या, हवाबंद ठेवा.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. साध्या पाण्याने शून्यावर जुळवलेला मीटर वरच्या टोकाला चुकीचा आकडा दाखवू शकतो. पाणी ३५ वर, विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आरओ-डीआय पाण्याची. नवखे इथे हमखास चुकतात आणि मिठाचं पाणी ओततात. फ्लोट लावलेला ऑटो टॉप-अप घ्या, हौस म्हणून नाही. मे महिन्यात पंखा चालू असला की माझी टाकी दिवसाला दोन लिटर पिते.

मळी काढणारं यंत्र

संपात पाणी आधी दोनशे मायक्रॉनच्या गाळणपिशवीत पडतं. ती तीन-चार दिवसांनी बदलली नाही तर तिच्यातच घाण कुजते आणि नायट्रेट वाढतं. धुताना साबण नको, ब्लीच आणि मग भरपूर पाणी, मग ऊन. एवढंच.

त्यापुढे स्किमर. गुऱ्हाळात रस उकळताना वर येणारी मळी झाऱ्याने काढतात, तेच हे काम, फक्त उकळी आगीची नाही, हवेची. काट्यांच्या चक्राचा पंप पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो, माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न यांतली विरघळलेली सेंद्रिय द्रव्यं बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात, आणि फेस नळीतून चढत कपात पडतो. इतके बारीक बुडबुडे खाऱ्या पाण्यातच टिकतात, म्हणून गोड्या पाण्याच्या टाकीत हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी. घाण कुजून अमोनिया होण्याआधीच बाहेर पडते, हा त्याचा मोठा गुण. दुसरा गुण आपल्यासाठी तितकाच मोलाचा: तो पाण्यात भरपूर हवा मिसळतो, आणि उष्ण पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

२०० लिटरच्या टाकीला ४०० लिटरसाठी सांगितलेला स्किमर घ्या. कंपनीने सांगितलेल्या खोलीतच बसवा, बहुधा सात ते नऊ इंच. या कप्प्यातली पातळी काचेच्या आडपट्टीने पक्की करून घ्या. पहिले आठ-दहा दिवस तो वेड्यासारखा वागेल. कधी फेसच नाही, कधी कप भरून वाहिला. नव्या प्लास्टिकवरचा तेलकटपणा जाईपर्यंत हे चालतं, तोवर व्हॉल्व्हशी खेळू नका. नंतर कपातल्या पाण्याचा रंग बघा. कोऱ्या चहासारखं असेल तर यंत्र ओलं चाललंय, काळ्या काढ्यासारखं घट्ट असेल तर कोरडं. नवख्याने दोन्हींच्या मध्ये, किंचित ओल्याकडे ठेवावं. आठवड्यातून दोनदा नळीच्या गळ्यातला चिकटा पुसा. महिन्यातून एकदा हवेच्या नळीत कोमट आरओ पाणी ओता, कारण तिथे मिठाचा खडा बसतो आणि बुडबुडे हळूहळू कमी होत जातात.

एक दिवस माझा स्किमर अचानक मेल्यासारखा पडला. फेस शून्य. पंप खोलला, धुतला, काही नाही. संध्याकाळी लक्षात आलं, सकाळी डोक्याला खोबरेल लावून तोच हात पाण्यात घातला होता. तेलाने फेस मोडतो. तासाभराने, फार तर दुसऱ्या दिवशी, गाडी रुळावर येते.

याहून गंभीर गोष्ट हवेची. स्किमर जी हवा ओढतो ती आपल्या हॉलमधली. मच्छरची कॉइल, भिंतीत लावायचं यंत्र, झुरळांचा फवारा, गल्लीत आलेलं फॉगिंग, हे सगळं त्या नळीतून थेट पाण्यात जातं, आणि या कीटकनाशकांतली बरीचशी मासे आणि कोळंबीसाठी अत्यंत विषारी असतात. चवथीला आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, टाकीसमोरच बांधली जाते. धूप-अगरबत्ती सुरू झाली की मी हवेची नळी खिडकीबाहेर काढतो. फॉगिंगची गाडी आली की मात्र खिडक्या बंद आणि स्किमरही बंद, वेव्हमेकर चालू.

स्किमरनंतरच्या कप्प्यात जाळीच्या पिशवीत एक वाटी ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, आधी खळखळून धुऊन, महिन्याने बदला. उरलेल्या जागेत पुढे कधीतरी कीटोमॉर्फा शेवाळाचा गुंता वाढवता येतो. त्याच्यावर लहान दिवा रात्री लावायचा, म्हणजे वरचा दिवा बंद असताना पीएच फार पडत नाही. पण पहिले तीन महिने तो कप्पा मोकळा राहू दे.

उष्मा

पाणी २५ ते २७ अंशांत हवं. आपल्याकडे हॉलचं तापमान मे महिन्यात ३३ असतं, आणि संपातला पंप, वेव्हमेकर, स्किमर यांचे बहुतेक सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन पाण्यात उतरतात.

पुण्याचा माझा मावसभाऊ म्हणतो, "पाण्यावर दोन पंखे लाव, चार अंश उतरतात." पुण्यात उतरतात. पंखा बाष्पीभवनाने थंड करतो आणि ओल्या हवेत पाणी उडतच नाही. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर पंख्याने पाणी, कितीही जोरात फिरवला तरी, सव्वाअठ्ठावीसच्या खाली जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात २९ ला अडतं. जानेवारीत कोरड्या वाऱ्यात तोच पंखा २५ वर आणतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखा, आणि मार्चपासून चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, किंवा एसीच्या खोलीत टाकी. चिलर कपाटात कोंडू नका. तो मागून गरम हवा टाकतो आणि तीच परत ओढत बसतो, विजेचं बिल तेवढं वाढतं. २७ वर लावा, २५ चा हट्ट नको. एका आकड्यावर स्थिर राहणं जिवांना जास्त मानवतं.

वीज

टाकीच्या विजेच्या बोर्डाला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. आमच्या इलेक्ट्रिशियनने सॉकेट टाकीच्या खाली दिलेला बघून स्वतःच डोकं हलवलं. "पात्रांव, पाणी वायरीवरून चालत येतं," तो म्हणाला आणि बोर्ड कपाटाबाहेर, बाजूच्या भिंतीवर उंच नेला. प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे थेंब झोळाच्या तळाला गळतो.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. चौकोनी वेव्हवर एसी पंप घुमतात आणि तापतात. त्याच्यावर फक्त एक वेव्हमेकर आणि जमलं तर परतीचा पंप. दिवा, चिलर, स्किमर नाही. वीज गेल्यावर मासे उपाशी मरत नाहीत, गुदमरतात. बॅटरीवरचा एअर पंप शे-दोनशे दिवस पडून राहील, पण एका रात्री लागेल. वीज परत आल्यावर दुसरा घोळ होतो: संपात पाणी वाढलेलं असताना स्किमर सुरू झाला की सगळी मळी कपातून उफाळून परत संपात. त्याला दहा मिनिटं उशिरा चालू होणारं टायमर सॉकेट लावा.

अंधारातले तीन ते सहा आठवडे

खडक आधी काचेवर टेकवून रचा, बारा-पंधरा किलो, मध्ये पाणी खेळेल अशी भोकं ठेवून. वाळू त्यानंतर. आधी वाळू घातली तर ती उकरणारा मासा एक दिवस खडक पाडतो.

खरी गाळणी हा खडकच. त्याच्या छिद्रांत दोन प्रकारचे जिवाणू वस्ती करतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं बरंच सौम्य. ही वस्ती बसेपर्यंत मासा आणायचा नाही. त्यांना खाऊ म्हणून पूर्वी कोळंबी टाकून कुजवत. म्हापशाच्या बाजारातली ताजी सुंगटं अशी वाया घालवायला जीव होत नाही आणि घरभर वास सुटतो तो वेगळाच. त्याऐवजी शुद्ध, लॅब दर्जाचा अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, घ्या. कल्हईवाल्याकडचा नको. २०० लिटरला सव्वा ग्रॅमने अमोनिया लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम होतो. बाटलीतले जिवाणू सोबत घातले तर लवकर जमतं.

दर दोन दिवसांनी चाचणी करा. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. पुन्हा सव्वा ग्रॅम घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्यावर आले की वस्ती बसली. तीन ते सहा आठवडे लागतात. या काळात स्किमर बंद ठेवला तरी चालतो, पण दिवा मुळीच लावायचा नाही. खत भरपूर आणि खाणारं कोणी नाही अशा पाण्यात उजेड म्हणजे शेवाळाला आवतण. शेवटी तिसरा हिस्सा पाणी बदला.

दिवा

पाणी तांबडा प्रकाश आधी शोषतं, निळा खोलवर जातो. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं म्हणूनच निळ्यावर जगायला सरावलेली असतात, ४०० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात. आपल्याला दिसायला पांढरा हवा असतो, तो फक्त चवीपुरता.

प्रकाशाचं माप पारमध्ये, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाच्या कामी येणारे किरण किती पडतात त्यात. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरे. वाळूवर ५०, खडकाच्या मध्यावर शंभराच्या आत, माथ्यावर सव्वाशे-दीडशे. वॅट बघून दिवा घेऊ नका. फोनवरचा लक्स मोजणारा ॲपही निळ्या उजेडात फसतो. पार मीटर महाग आहे, तो एका दुपारपुरता मागून आणा आणि आकडे कागदावर टाकीचं चित्र काढून लिहून ठेवा.

तीन फुटांच्या टाकीला एक मोठा दिवा मध्यावर लावला तर खाली भाजतं आणि कोपऱ्यांत अंधार राहतो. दोन लहान एलईडी घ्या, पन्नास-पन्नास वॅटचे, निळं आणि पांढरं वेगळं कमी-जास्त करता येतील असे, पाण्यापासून फूटभर वर. एक बिघडला तरी दुसरा आठवडा काढतो, आणि बिघडतोच. आपल्या हवेत दिव्याच्या पोटातला पंखा आधी गंजतो, मग सर्किटवर हिरवी बुरशी चढावी तसं तांबं गंजतं. दिवा पूर्ण बंद करून, थंड झाल्यावर, महिन्यातून एकदा ओलसर फडक्याने मिठाची पूड पुसा. पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुडे फुटत असतील तर परतीचं तोंड थोडं फिरवा, अर्धी पूड तिथूनच उडते. मेटल हॅलाइडच्या जुन्या दिव्याचा कोणी फुकट देतो म्हणाला तरी मोह टाळा, तो टाकीवर शेगडी ठेवल्यासारखा आहे.

वेळ मी दुपारी चार ते रात्री बारा ठेवतो. भर दुपारच्या उष्म्यावर दिव्याची भर पडत नाही, आणि ऑफिसातून आल्यावर टाकी बघायलाही मिळते. टायमर घेताना आत बॅटरी आहे का बघा. चक्राचा साधा टायमर वीज गेली की थांबतो. वादळी आठवड्यात चार-पाच वेळा वीज गेली की त्याचे 'चार' रात्री आठला वाजतात आणि टाकी पहाटेपर्यंत उजळलेली राहते.

वस्ती बसल्यावर पहिला आठवडा रोज चार तास, निळा ३० टक्के, पांढरा ५. दर आठवड्याला तासभर वाढवत आठ तासांवर न्या. या दिवसांत काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर येईल. तो येणारच, आणि बहुधा आपोआप ओसरेल; गोगलगाई आणा, दिव्याला हात लावू नका. मग एक मासा, पंधरा दिवसांनी दुसरा. हॅचरीत पैदास झालेला क्लाउनफिश मागा. नायट्रेट लिटरमागे दोन ते दहा आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅममध्ये दोन-तीन आठवडे स्थिर राहिलं की प्रवाळ. शून्यावर आणायचा अट्टहास नको, त्यांनाही थोडं अन्न लागतं.

झोअँथस हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि तो बसलेला खडक कधीही उकळू किंवा घासू नका. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं आणि त्याची वाफ किंवा तुषार माणसाला इस्पितळात पोचवतात.

नवा तुकडा आधी तळाला, वाळूवर ठेवा आणि दर आठवड्याला निळा पाच-पाच टक्क्यांनी वाढवत पंचावन्न-साठपर्यंत न्या. देठ लांब करून मान वर काढल्यासारखे झोअँथस दिसले तर उजेड कमी पडतोय; तुकडा थोडा वर सरकवा. रंग फिकट होत गेला किंवा मशरूमच्या कडा आत वळल्या तर उजेड जास्त. पहिल्या दिवशी सगळं मिटलेलंच असतं. चौथ्या दिवशीही मिटलेलं असेल तर दिव्याला हात लावण्याआधी वेव्हमेकरचा झोत थेट त्याच्यावर येतोय का बघा, टॉप-अपच्या डब्यात पाणी आहे का बघा, आणि क्षारता पुन्हा मोजा.